एक सूत माया

चौतीस वर्षं मी शिवणकाम करते आहे, आणि इतक्या वर्षांत कोणाचं उघडं माप मी तोंडानं बोललेले नाही. उघडं माप म्हणजे अंगाला टेप लावून जे येतं ते. त्यात शिवणीसाठी जे जास्तीचं कापड धरतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माया ठेवली नाही तर शिवण उसवते, आणि गिऱ्हाईक दोन महिन्यांत अंगानं सुटलं तर कपडा वाया जातो. त्यामुळे टेप वाचतानाच माझं डोकं आपोआप थोडं वाढवतं आणि तोंडातून बाहेर पडतो तो मायेसकट आकडा. ही सवय चांगलीच आहे, असं मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाही ठासून सांगितलं असतं.

मग माझ्या भाचीची गाडी माझ्या अंगणात आली.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. आठवडाभर इतकं बारीक काम करते की रविवारी तिला काहीतरी जोरात करायचं असतं. दोन वर्षांपूर्वी तिनं अकरा वर्षं जुनी एक गाडी घेतली. टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, रंग ओल्या पाटीचा. महिन्यातल्या एका रविवारी शहराबाहेरच्या गोदामांमागे मोकळ्या आवारात हौशी लोकांची स्पर्धा असते. रस्त्याच्या कामावर दिसतात ते नारिंगी रबरी कोन मांडून एक वाकडातिकडा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की दोन सेकंद दंड. एवढंच. साठ सेकंदांच्या गंमतीसाठी आठवडाभर गाडीखाली लोळायचं, हे मला आधी अजिबात पटलं नव्हतं.

पहिल्याच स्पर्धेत तिनं चार कोन आडवे केले आणि लोक पोट धरून हसले. तेव्हापासून तिनं एकही कोन पाडला नाही, आणि तेव्हापासून ती न चुकता सहावी येते. क्लबात तिचं नावच 'सहावी' पडलं. "सहावी आली का?" असं विचारलं तर ती पोचली का असाही अर्थ होतो आणि निकाल लागला का असाही.

हे सगळं भावोजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, बघवत नव्हतं. "गाडी ही बसून कुठंतरी जायची वस्तू आहे, तिथल्या तिथं गिरक्या घालायची नाही," हे त्यांचं मत. भावोजी उभा जन्म कोर्टात टायपिस्ट होते. कागदावर जे आहे तेच खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माणूस. एकदा जेवताना वाद पेटला आणि पोरगी तावातावानं म्हणाली, "वर्षातल्या शेवटच्या स्पर्धेत पहिल्या पाचात आले नाही तर विकून टाकीन!" दुसरी असती तर सकाळी विसरली असती. भावोजींनी हात धुतले, कपाटावरचं टाइपरायटर खाली काढलं आणि ते वाक्य टाइप करून तिची सही घेतली. ताई म्हणाली, "अहो, ही पोर आहे का प्रतिवादी?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चार दिवसांत गिऱ्हाईकही शोधलं, त्यांचाच दंतवैद्य. दात तपासता तपासता सौदा झाला म्हणे, आणि बोलायला तोंड मोकळं नसताना भावोजींनी तो कसा केला ते मला अजून कळलेलं नाही.

तर शेवटच्या स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे गाडी माझ्या दुकानामागच्या अंगणात होती. घराच्या आवारात हत्यारं पसरायची नाहीत हाही भावोजींचाच नियम. मी आतून मशीन चालवायची, ती बाहेर जॅक चढवायची. मध्ये एक खिडकी.

आधी तिनं गाडी रिकामी केली. आत काहीही सुटं चालत नाही, वळणावर उडून पायाखाली येतं. पायपुसण्या, छत्री, दोन पाण्याच्या बाटल्या, जादा चाक, आणि सीटखालून माझी सात बटणं निघाली. त्यातली चार मी वर्षभर शोधत होते आणि एका बिचाऱ्या कारागिरणीवर उगाच तोंड सोडलं होतं. मग तेल बदललं, ब्रेकचे पॅड बदलले, चाकांचे नट आवळले. आवळायचा पाना असा की पुरेसं झालं की स्वतःच 'कट्' म्हणतो. अशी सोय माणसांतही हवी होती.

गाडी मात्र दम धरत नव्हती. टर्बोची गंमत माझ्या इस्त्रीसारखी आहे. बटण दाबलं की लगेच काही होत नाही, वाफ धरेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग एकदम येते. हिच्या गाडीत वाफ यायची, पण अर्धीच. दोन दिवस ती इंजिनात डोकं घालून बसली. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून ऐकलं, तर एक बारीक 'सिस्स' चाललेलं.

"अगं, तुझी नळी फुटलीय," मी म्हणाले.

"कुठली?"

"ते मला काय ठाऊक? पण इस्त्रीची नळी फुटते तेव्हा अशीच बोलते."

साबणाचं पाणी लावून बघितलं तर टर्बोकडून येणाऱ्या रबरी नळीला बुडबुडे आले. चीर केसाएवढी होती. नवी नळी बसल्यावर तिनं मला गल्लीतून एक चक्कर मारून आणली. मी परत आले तेव्हा माझ्या केसातल्या पिना मागच्या सीटवर होत्या.

शेवटचं काम पुढच्या चाकांचं. चारही चाकांना ताकद असलेल्या या गाडीचा स्वभाव म्हणे असा, की स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळ जायला बघतं. आमचे भावोजीच. म्हणून पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी अगदी समांतर हवी होती. ज्या दुकानात हे मशीनवर करतात तिथलं मशीन बिघडलेलं. भाची म्हणाली, "टेप आणि खडू असला तरी होतं." टेप आणि खडू म्हटल्यावर मी मशीनवरून उठलेच.

चाकं उचलून फिरवली आणि टायरवर माझ्या कापडाच्या खडूनं गोल रेघ मारली. मग दोन रेघांमधलं अंतर चाकांच्या मागच्या बाजूला मोजायचं आणि पुढच्या बाजूला मोजायचं. दोन्ही सारखं आलं की चाकं समांतर. मागचं माप घ्यायला ती डावीकडे आडवी झाली, उजवीकडे मी. टेप गाडीच्या पोटाखालून.

"किती?" ती ओरडली.

"सत्तावन्न इंच, सहा सूत," मी म्हणाले. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत.

एवढ्यात पुढं गिऱ्हाईक आलं. कोटाचं होतं, सोडण्यासारखं नव्हतं. मी गेले आणि पुढचं माप तिनं एकटीनं टेपचं टोक अडकवून घेतलं. चाकांना जोडलेल्या दांड्या फिरवून तेही बरोबर सत्तावन्न इंच सहा सूत करून ठेवलं. दोघींनी हात धुतले, चहा घेतला आणि स्वतःवर खूश झालो.

रविवारी सकाळी मीही गेले. भावोजींची पॅन्ट उसवायला टाकलेली होती, पोटावर बसत नाही म्हणून, ती त्यांना त्याच दिवशी हवी होती. म्हटलं, राहू दे.

आवारात सगळ्यांनी आधी मार्ग पायी चालून बघायचा असतो. आम्ही दोघी चाललो. प्रत्येक कोनापाशी ती हवेत हात धरून दाखवत होती, इथून वळणार, तिथून जाणार. मी बघितलं, की प्रत्येक कोनापासून ती हातभर लांब जात होती.

"केवढी माया ठेवतेस गं?" मी म्हणाले.

"दोन सेकंद जातात ना पाडला तर."

"आणि एवढ्या लांबून वळसा घालून किती जातात?"

उत्तर तिला माहीत होतं, दोन वर्षं सहावी येत होती.

बरोबर आलेल्या माणसांनाही तिथं फुकट बसू देत नाहीत. आयोजक एक गळ्यात शिट्टी घातलेला गृहस्थ होता. सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत. त्यानं मला एक नारिंगी जाकीट आणि लाल झेंडा दिला आणि शेवटच्या वळणावर उभं केलं. जाकिटात दोन मी मावले असते, म्हणून पाठीला पिना लावून घेतल्या. नियम त्यानं समजावला: प्रत्येक कोनाच्या तळाभोवती खडूची चौकट असते. कोन पडला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर सरकला तर झेंडा वर. सरकला पण रेघेला कुठं जरी टेकला असला तरी माफ. त्या वळणावर माणूस एकच, आणि तो सांगेल ते अंतिम.

मी चौकटी बघितल्या आणि माझं डोकं फिरलं. रेघा होत्या का रस्ते? दोन-दोन बोटं जाड, फरकटलेल्या, कुठं तुटलेल्या. अशा रेघेवर मी कात्री चालवली असती तर चौतीस वर्षांपूर्वीच दुकानाला कुलूप लागलं असतं. पिशवीत ओला फडका होता, माझा खडू होता. स्पर्धा सुरू होण्याआधी माझ्या वळणावरच्या पाचही कोनांच्या चौकटी मी पुसल्या आणि खडूला धार लावून नव्यानं आखल्या, तळाला लागून, धाग्याएवढ्या बारीक. शिट्टीवाला लांबून म्हणाला, "वा, मावशी!" मला फार बरं वाटलं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

प्रत्येकाला तीन फेऱ्या. तिन्हींत जी उत्तम ती धरायची. दुपारपर्यंत पाचव्या नंबरावर एकसष्ट पॉइंट चार सेकंद होते.

भाचीची पहिली फेरी मी कधी विसरणार नाही. गाडी इतकी चपळ वळायला लागली की तिलाच पत्ता नव्हता. एकसष्ट पॉइंट नऊ, पण तिकडच्या वळणावर दोन कोन गेले. चार सेकंद दंड. दुसऱ्या फेरीला ती घाबरली आणि दुप्पट लांबून गेली. कोन सगळे उभे, वेळ त्रेसष्ट. सहावी.

मधल्या सुटीत मी गाडीपाशी गेले. ती टायरवरच्या खडूच्या खुणा बघत उकिडवी बसली होती. वळताना टायर किती कलतो ते खुणा पुसल्या गेल्यावरून कळतं. तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"काय होतंय कळत नाही मावशी. रोज नाक सरळ जातं, आज मी वळवायच्या आधी वळतंय. मी चाकं समांतर केली होती. सत्तावन्न सहा, सत्तावन्न सहा."

तिनं आकडा उच्चारला. मला टेप डोळ्यापुढं दिसली. रेघ पाच सुतावर होती. सहावर नव्हती.

"अगं," मी म्हणाले, "मागचं माप मी मायेसकट बोलले."

"म्हणजे?"

"म्हणजे पाच सूत होतं. मी सहा सांगितलं. सवयीनं. पुढचं तू मोजलंस, ते उघडं. कापड असतं तर मी चार सुतं वाढवली असती, लोखंड म्हणून एकच वाढवलं, हे नशीब समज."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर पाना फेकून मारेल. तिनं बोटांवर काहीतरी हिशेब केला. माप चुकीचं, म्हणून चाकं पुढून एक सूत फाकलेली. फाकलेली चाकं वळायला उतावीळ असतात. मग ती खो-खो हसत सुटली.

"म्हणजे गाडी तयारच आहे गं वळायला! मीच उगाच लांबून सुरुवात करतेय. दुरुस्त नाही करत. अशीच चालवते."

"चालव," मी म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. गाडीत माया मी धरलीय. आता तू धरू नकोस."

तिसरी फेरी. मी माझ्या वळणावर झेंडा घट्ट धरून उभी होते. लांबून आवाज आला, आधी घोगरा, मग टर्बोनं दम धरल्यावर चढता. ती कोनांच्या मधून अशी येत होती की जणू खडूच्या रेघेवरून कात्री चालली आहे. तीच का ही पोर, असं मला झालं. माझ्या पाचही कोनांना ती चाटून गेली. चौथा घसरत डोलला, पडला नाही. आणि ती गेली, शेवटच्या रेघेपार.

मी चौथ्या कोनापाशी धावले. कोन उभा होता, पण पूर्ण तळाएवढा सरकला होता. गुडघे टेकून बघितलं. तळाची कड आणि माझी रेघ यांच्यामध्ये काळं डांबर दिसत होतं. मी खडू काढला आणि त्याची धार त्या फटीत घातली. खडू आरपार गेला. एक सूत.

शिट्टीवाल्याची जाड रेघ असती तर कोन तिच्यावरच टेकलेला असता.

आता खरं सांगते. आजूबाजूला शंभर पावलांत कोणी नव्हतं. चपलेचं टोक लावायचा अवकाश होता. त्या क्षणी मला गाडी दंतवैद्याच्या दारात उभी दिसली, आणि अंगणाची ती रिकामी खिडकी दिसली, आणि मला पाय पुढे सरकवायची इतकी इच्छा झाली की पोटरीत गोळा आला. पण पोरगी आत्ताच आयुष्यात पहिल्यांदा माया न ठेवता त्या कोनापासून गेली होती. मी ती मागून गुपचूप चिकटवली असती तर तिचं जाणं खोटं झालं असतं. मी झेंडा पूर्ण वर केला.

ती हेल्मेट काखेत मारून पळतच आली.

"किती?" ती म्हणाली.

"एक सूत."

"बाहेर?"

"बाहेर."

तिनं वाकून फट बघितली. "एकोणसाठ पॉइंट आठ होतं," ती म्हणाली. "दंड धरून एकसष्ट आठ." मग तिनं मला गच्च मिठी मारली, पाठीच्या पिना तिला टोचल्या, आणि ती ओरडली, "मावशी, एकोणसाठ पॉइंट आठ!" दंड नसता तर ती तिसरी होती. दंडासकट, सवयीप्रमाणे, सहावी.

परत येताना मात्र प्रत्येक सिग्नलला तिचा हात गिअरच्या मुठीवर उगाच फिरत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

घरी भावोजी कागद घेऊन तयारच होते. ताईनं लेकीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता पाण्याचा पेला दिला.

"कितवी?" भावोजी म्हणाले.

"सहावी."

"दंतवैद्य उद्या दहा वाजता येतोय."

"बघू तो कागद," मी म्हणाले. चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. "'पहिल्या पाचात न आल्यास मी ही गाडी विकून टाकीन.' कोणाला ते कुठं लिहिलंय?"

"कोणाला म्हणजे? दंतवैद्याला. ते गृहीतच आहे."

"भावोजी, तुमच्या लग्नापासून ऐकतेय, कागदावर आहे तेच खरं. दंतवैद्य कागदावर दिसत नाही. मी घेते गाडी."

ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं. भाची माझ्याकडे बघतच राहिली.

"तुला चालवता कुठं येते?" भावोजी म्हणाले.

"म्हणून तर ड्रायव्हर ठेवावा लागेल. महिन्यातल्या एका रविवारी. इथं एक पोरगी आहे, कोनाच्या अगदी जवळून जाते."

भावोजींनी कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग घडी घालून खिशात ठेवला आणि आत निघून गेले. टायपिस्टाला त्याचाच कागद नडला, ह्याचं त्यांना दुःख झालं का हसू आलं, ते पाठीवरून कळलं नाही. भाचीनं मात्र त्याच संध्याकाळी विक्रीचा कागद केला, आणि सही करताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळून शाई पसरली. तो पुन्हा करावा लागला.

आठवड्यानं भावोजी दुकानात आले. पॅन्ट तयार होती. पडद्यामागे घालून बघितली, बाहेर आले, आरशात उभं राहून बटण लावलं. लागलं. त्यांनी सुस्कारा सोडला.

"बसली की नीट," ते म्हणाले.

"बसणारच. शिवतानाच आत माया ठेवली होती."

ते खिडकीतून मागच्या अंगणात बघत होते. गाडी जॅकवर होती आणि तिच्याखालून लेकीचे दोन पाय दिसत होते.

"पुढची स्पर्धा कधी आहे?" त्यांनी आरशाकडे बघत विचारलं.

"तीन तारखेला. नव्या वर्षातली पहिली."

"बघायला चालतं का कोणी आलेलं?"

"चालतं. पण काम करावं लागतं. झेंडा धरायचा, आणि कोन सरकला तर आपल्या माणसालासुद्धा सोडायचं नाही."

"ते मला शिकवू नकोस," ते म्हणाले. मग पॅन्टच्या कमरेत बोट घालून बघितलं आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, "ही अजून सैल करता येईल का? म्हणजे, आहे का आत अजून?"

मी टेप गळ्यात टाकली.

"आहे," मी म्हणाले. "तुमच्यासाठी दोन सुतं जास्तच धरली होती."